सेटलमेंटचे ऋण

सोलापूर हे बाहेरून आलेल्यांनी वाढवलेले शहर. 1860 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये पहिली कापडगिरणी निघाली आणि तेलंगणातले पद्मशाली विणकर, कानडी मुलखातले मजूर, दुष्काळाने उठवलेली कुटुंबे भोंग्याच्या हाकेला जमा झाली. अमेरिकन मराठी मिशनने इथे ठाणे मांडले तेही याच काळात. पुढे 1896 ते 1900 च्या दुष्काळांत मिशनने पोरकी मुले सांभाळली, शाळा चालवल्या. वोरोनोको हे अमेरिकेतल्या एका गावाचे नाव सोलापुरी जिभेवर रुळले ते त्या नावाच्या मिशनच्या शाळेमुळेच. परक्याला जवळ करणारी मंडळी ही इथल्या चर्चची ओळख खोटी नाही. पण लेंट या उपवासकाळाची सुरुवात करणारा राखेचा बुधवार तोंडावर आला आणि क्षमेचा विषय निघाला, की याच इतिहासाचे दुसरे पानही उघडावे लागते. ते पान सेटलमेंटचे, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या कुंपणबंद वसाहतीचे आहे.

गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा. मुंबई इलाख्यात त्याला धार आली ती 1911 च्या सुधारित कायद्यानंतर. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमाती जन्मावरूनच गुन्हेगार ठरल्या. इलाख्यातल्या वसाहतींची घडी ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याने बसवली आणि सोलापूरच्या वसाहतीचा कारभार सरकारने मिशनच्या हाती दिला. वसाहतीतले हे लोकही बाहेरून आलेलेच, पण आणलेले: भोवती तारेचे कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला पास, आणि पोटासाठी गिरणी. वागणूक बरी दिसली की कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त राहायची मुभा. म्हणजे मोकळे राहणेसुद्धा बक्षीस म्हणून मिळायचे! पाप्याला क्षमा आणि नवे जीवन हा मिशनचा संदेश. कायद्याने त्याला आयते पापी पुरवले. खरा घोटाळा इथेच झाला. चोरी हाताने होते, जातीने नव्हे. ज्याने काही केलेच नाही त्याला उदार मनाने क्षमा देऊ करणे म्हणजे त्याच्यावरचा आरोप गोड शब्दांत पक्का करणे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: कायदा मिशनने केला नव्हता, आणि पोलिसांच्या दंडुक्यापेक्षा पाद्री केव्हाही बरा. मुलांना अक्षरे मिळाली, बायामाणसांना रोजगार मिळाला. हे सगळे मान्य. परंतु हजेरीचा पट कोणाच्या हाती होता, हा प्रश्न त्याने सुटत नाही. उलट, कुलपाची किल्ली दयाळू माणसाकडे असली की कुलूप दिसेनासे होते. दुसरा आक्षेप अधिक अवघड. आजच्या मंडळीतली बहुतेक कुटुंबे स्वतःच गावकुसाबाहेरून आलेली, जातीचे चटके सोसलेली. त्यांनी कसली क्षमा मागायची? उत्तर मराठी बायबलच्या शब्दकळेतच सापडते. मत्तयातल्या प्रभूच्या प्रार्थनेत पापाऐवजी ‘ऋण’ हा शब्द आहे. सावकारी कर्जापायी 1879 चा दख्खन शेतकरी कायदा ज्या चार जिल्ह्यांसाठी करावा लागला, त्यांत सोलापूर होते. ऋण म्हणजे काय ते इथे कोणाला समजावून सांगायला नको. शाळा, इमारती, नावलौकिक वारशाने घेतले, तर खात्याची दुसरी बाजूही वारसाकडेच येते. दोष वारशाने येत नाही, देणे येते.

क्षमा ही देव आणि माणूस यांच्यातली खासगी गोष्ट आहे, असेही म्हटले जाते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाला ते मंजूर नाही: वेदीपाशी आलेल्याने, भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवताच, अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचे आहे. जायचे कोणी, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कयही नुसता रडला नाही, चौपट परत करायला निघाला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये लेंटच्या आदल्या रविवारी लोक एकमेकांपुढे वाकून क्षमा मागतात. सोलापूरच्या जैनांना क्षमावाणी ठाऊकच आहे. गंमत अशी की, ज्या प्युरिटन वळणातून हे अमेरिकन मिशनरी आले त्याला लेंटचे वावडे होते. 1970 मध्ये उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि अँग्लिकन मंडळी व मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्या एका छपराखाली आल्या. सेटलमेंट चालवणाऱ्यांकडे नसलेला हा चाळीस दिवसांचा काळ त्यांच्या वारसांच्या पंचांगात आहे.

31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला. कुंपण गेले, पत्ता राहिला: सेटलमेंट फ्री कॉलनी. मिशन चालवणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डाची कागदपत्रे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात नीट जपून ठेवली आहेत. हजेरी देणाऱ्यांची नातवंडे मात्र याच शहरात आहेत, आणि त्यांच्या घरी जायला समुद्र ओलांडावा लागत नाही.