मागील चाक काढणे व बसविणे : एका क्रियाक्रमाचा भाषिक विचार

एखादी क्रिया शब्दांत सांगताना भाषा काय व्यक्त करते आणि काय गाळते, हा प्रश्न अभ्यासकाला सहसा ग्रंथांत भेटतो. प्रस्तुत लेखकाला तो रस्त्यावर भेटला. बोलींची नोंद घेण्याच्या निमित्ताने जुन्या बुलेटवरून हिंडत असता मागील चाक पंक्चर झाले. जवळ स्वतःच केलेले टिपण होते. त्यात चाक काढण्याची रीत सविस्तर लिहून शेवटी 'बसविताना हाच क्रम उलटा' एवढेच नमूद केले होते. त्याप्रमाणे चाक बसविले. पुढे एका उतारावर ब्रेक दाबताच मागील चाक जखडले व गाडी आडवी झाली. वेग अल्प होता, म्हणून खरचटण्यावर भागले. चूक गाडीची नव्हती, त्या एका वाक्याची होती. ती कशी, हे सांगण्यासाठी प्रथम मूळ क्रिया पाहू.

रॉयल एनफील्ड बुलेट ही मूळची इंग्लंडमधील रेडिच येथील गाडी. १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे ही गाडी भारतातच तयार होऊ लागली. तिच्या जुन्या, साध्या नमुन्यात मागील चाकाच्या एकाच अंगास साखळीचे दातेरी चक्र व ब्रेकचा ड्रम असतो. (काही नमुन्यांत चक्र व ड्रम जागीच ठेवून चाक तेवढे वेगळे करता येते, त्यांचा विचार येथे केलेला नाही.) एक्सल फाट्याच्या टोकांतील, मागे उघड्या असलेल्या खाचांत बसतो. ब्रेकची पाटी चाकाबरोबर फिरू नये म्हणून ती फाट्याला एका नटाने जखडलेली असते.

काढण्याचा क्रम येणेप्रमाणे आहे. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्यावी. एक्सलचे नट प्रथम केवळ ढिले करावेत, काढू नयेत. ब्रेकच्या रॉडचा नट काढून रॉड मोकळा करावा. नंतर ब्रेकच्या पाटीचा नट सोडावा. चेनलॉकची पाती सरकवून साखळी उघडावी व चाकाच्या चक्रावरून उतरवावी. पुढील चक्रावरून मात्र ती निसटू देऊ नये, कारण तेथे ती पुन्हा ओवणे कष्टाचे असते. इतके झाल्यावर एक्सलचे नट पुरेसे मोकळे करून चाक मागे ओढले म्हणजे ते खाचांतून बाहेर येते.

आता भाषेकडे वळू. वरील वर्णनात 'काढून', 'सरकवून', 'करून' ही पूर्वकालवाचक रूपे सहज आली. मराठीतील हे 'ऊन'-प्रत्ययान्त रूप क्रियांचा पूर्वापर संबंध नेमका दाखविते. मात्र एक क्रिया संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी मध्ये काय तपासावयाचे, हे ते सांगत नाही. क्रियापदांचीही अशीच गोष्ट आहे. 'ढिला करणे' आणि 'काढणे' या दोन भिन्न अवस्था असूनही कारागिराच्या तोंडचे 'सोड' हे एकच क्रियापद प्रसंगानुसार दोहोंस पुरते. काढताना या संदिग्धतेने फारसे बिघडत नाही; बसविताना मात्र 'लावणे' व 'आवळणे' यांतील भेद विसरणे महागात पडते. माझ्या हातून ब्रेकच्या पाटीचा नट बोटांनी लावला गेला होता, पान्याने आवळला गेला नव्हता. हादऱ्यांनी तो गळला, पाटी ड्रमबरोबर फिरली आणि चाक जखडले.

'हाच क्रम उलटा' या वाक्यात खोट आहे ती येथे. काढण्याच्या क्रमात ज्यांना प्रतिरूपच नाही अशा तीन क्रिया बसविताना कराव्या लागतात आणि त्या तिन्ही 'लावणे' व 'आवळणे' यांच्या दरम्यान येतात. पहिली, साखळीचा ताण. चेनलॉकच्या पातीचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेला ठेवून साखळी जोडावी व चाक फिरवून ती सर्वांत ताठ असेल त्या जागी दोनतीन सेंटिमीटर वरखाली हलते की नाही ते पाहावे. दुसरी, चाकाची सरळ रेषा. एक्सलच्या दोन्ही टोकांवरील, गोगलगायीच्या आकाराच्या चकत्या सारख्याच खाचेवर ठेवाव्यात आणि दोन्ही चाकांच्या अंगाने ताणलेला दोरा धरून खात्री करून घ्यावी. तिसरी, ब्रेकचे मध्यस्थापन. रॉड जोडून ब्रेक दाबून धरला म्हणजे ब्रेकशू ड्रमात मध्यावर येतात. तो तसाच दाबलेला असताना एक्सलचे नट व नंतर पाटीचा नट आवळावा. शेवटी चाक मोकळे फिरते आणि ब्रेक धरतो, हे पाहिल्याखेरीज गाडी स्टँडवरून उतरवू नये.

काढण्यात वस्तू विलग होतात. बसविण्यात त्यांचे परस्परसंबंध पुन्हा प्रस्थापित करावे लागतात. 'काढणे' व 'बसविणे' हे शब्द विरुद्धार्थी असले, तरी त्यांनी दर्शविलेल्या क्रिया एकमेकींची प्रतिबिंबे नव्हेत. यंत्रविषयक मराठी लेखन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. परिभाषेसाठी आपण पुष्कळ श्रम घेतो. परंतु सूचनांचे वाक्य कोठे थांबवावे आणि दोन क्रियापदांमध्ये तपासणीचे कोणते वाक्य घालावे, याचा विचार तितकाच अगत्याचा आहे; कारण असे वाक्य वाचणाऱ्याचा जीव कित्येकदा त्यावर अवलंबून असतो.