तिसऱ्या चालीला महाराष्ट्र मागे

बुद्धिबळात पांढऱ्याला पहिल्या चालीसाठी फक्त २० पर्याय असतात. आठ प्याद्यांचे सोळा आणि दोन घोड्यांचे चार; बाकी मोहरे कोंडलेले. काळ्यालाही तेवढेच. म्हणजे एकेक चाल झाली की ४०० तऱ्हा. इथवर हिशेब वहीत मावतो.

पांढऱ्याच्या दुसऱ्या चालीला त्या ८,९०२ होतात, काळ्याच्या दुसऱ्या चालीला १,९७,२८१. २०११च्या जनगणनेत नंदुरबार शहराची लोकसंख्या १,११,०३७ होती. तान्ह्या बाळांसकट प्रत्येकाला एकेक वेगळा डाव वाटला तरी हजारो उरतील. यातले मात होऊन संपणारे डाव मात्र आठच. पांढऱ्यानं राजाकडच्या उंटापुढचं प्यादं एक किंवा दोन घरं आणि घोड्यापुढचं दोन घरं ढकलायचं, काळ्यानं राजापुढचं प्यादं हलवून वजीर तिरका बाहेर काढायचा, की खेळ खलास. इतकं लवकर हरायलाही हरणाऱ्याची मनापासून साथ लागते!

आणखी एक चाल, आणि आकडा ४८,६५,६०९. अक्कलकुव्यापासून नवापूरपर्यंत सहा तालुक्यांचा अख्खा नंदुरबार जिल्हा १६,४८,२९५ माणसांचा. त्याच्या जवळजवळ तिप्पट. काळ्याची तिसरी चाल झाली की ११,९०,६०,३२४. महाराष्ट्राची लोकसंख्या त्याच जनगणनेत ११,२३,७४,३३३ होती! चौथी चाल दोघांनी खेळली की साडेआठ हजार कोटींच्या घरात. आजच्या जगातल्या माणसांच्या दहापट.

मग माणूस खेळतो कसा? बहुतेक वाटांकडे बघतच नाही. वीस पर्यायांतले चारच मातब्बर खेळाडूंच्या नेहमीच्या वापरातले. ओपनिंगच्या प्रसिद्ध विश्वकोशानं सगळा पसारा ५०० सांकेतिक क्रमांकांत बसवला आहे, आणि स्पर्धेची तयारी म्हणजे त्यातल्या आपल्या वाटा खोलवर पाठ करणं. नागपूरची दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ रोजी बातुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि एकोणिसाव्या वर्षी भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा समोरासमोर असे दोन पाठांतरांचे साठे होते. अर्थात पाठ केलेलं कुठेतरी संपतंच. खरी कसोटी तिथून पुढे.

संगणकालाही सगळं मोजणं झेपत नाही. गणितज्ञ क्लॉड शॅननचा १९५०चा अंदाज एकावर १२० शून्यं इतक्या डावांचा. सेकंदाला दहा लाख डाव तपासले तरी एकावर शंभर शून्यं इतकी वर्षं अपुरी पडतील. पटावर दोन्ही राजे धरून सातच मोहरे उरले, तर मात्र यंत्रांनी जवळपास सगळं सोडवून ठेवलं आहे: सुमारे ४२३ लाख कोटी स्थिती. सुरुवातीला पटावर मोहरे असतात ३२.