‘सी’ म्हणजे पाहणें नव्हे

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलाची वही उघडावी. पहिल्या पंधरा-वीस क्रियापदांत ‘सी’ हें क्रियापद सांपडेलच, आणि त्याच्या पुढें ‘पाहणें’ हा अर्थ लिहिलेला असेल. खालीं ‘लुक’ येतें. त्याच्या पुढेंहि ‘पाहणें’. आणखी खालीं ‘वॉच’, पुन्हा ‘पाहणें’. पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, गांव कोणतेंहि असो, आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील शाळांतून ही घोकणी पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. एकाच खुंटीला तीन पागोटीं टांगल्यावर कोणतें कोणाचें हा घोटाळा व्हावयाचाच. मग मुलगा ‘आय ॲम सीइंग अ बर्ड’ असें लिहितो, मास्तर तांबड्या शाईनें तें खोडतात, आणि खोडण्याचें कारण विचारलें तर ‘इंग्रजींत तसें म्हणत नाहींत’ एवढेंच उत्तर मिळतें.

कारण आहे, आणि तें समजावून घेण्यास मराठीइतकी सोयीची दुसरी भाषा नाहीं. ‘मीं झाडाकडे पाहिलें आणि मला पोपट दिसला’ हें साधें वाक्य घ्या. यांत दोन क्रिया आहेत. पाहिलें तें मीं, बुद्धिपुरस्सर, मान वर करून. पोपट दिसला त्यांत मीं कांहींच केलें नाहीं. तेथें कर्तेपण पोपटाकडे गेलें आणि मी ‘मला’ या चतुर्थींत जाऊन बसलों. इंग्रजी मनुष्य हें वाक्य म्हणतांना पहिल्या ठिकाणीं ‘लुक’ वापरतो व दुसऱ्या ठिकाणीं ‘सी’. म्हणजे आमच्या ‘पाहणें’ या क्रियापदाचा खरा जोडीदार ‘लुक’ आहे, आणि ‘सी’चा जोडीदार ‘दिसणें’ हा आहे. ‘वॉच’ त्याहून निराळें. तें ‘वेक’ म्हणजे जागणें या शब्दाच्या कुळांतलें असून त्यांत जागरूकपणें नजर ठेवण्याचा भाव आहे. रात्रीच्या चौकीदाराला आणि खिशांतल्या घड्याळाला तोच शब्द लागावा हें त्यामुळेंच.

जें आपण होऊन दिसतें तें ‘करणें चालू आहे’ असें इंग्रजी भाषा मानीत नाहीं. म्हणून ‘आय ॲम लुकिंग’ चालतें, पण पक्ष्याच्या बाबतींत ‘आय ॲम सीइंग’ चालत नाहीं. मराठींत ‘मला दिसत आहे’ बिनदिक्कत चालतें, आणि नेमका तेथेंच मुलाचा पाय घसरतो.

हा घोटाळा वहींतच राहता तर एवढें वाईट नव्हतें. पण आतां तो उलट वाटेनें मराठींत शिरला आहे. दूरचित्रवाणीवरचा वार्ताहर पुराच्या पाण्यांत उभा राहून सांगतो, ‘आपण पाहूं शकतां, माझ्या मागें पूल बुडाला आहे.’ पाहूं शकतां म्हणजे काय? पाहण्याची शक्ति आम्हांस आहे म्हणून तर आम्ही समोर बसलों आहों! इंग्रजींत ‘यू कॅन सी’ म्हणतात त्याचा अर्थ ‘तुम्हांला दिसतच आहे’ एवढाच. ‘माझ्या मागें बुडालेला पूल दिसतो आहे’ असें आमच्या घरांतील कोणतीहि आजी, एक अक्षर न शिकतां, म्हणाली असती.

आमच्या भाषेंत हा भेद आला कोठून? संस्कृत शिकलेल्या वाचकांस आठवत असेल कीं ‘दृश्’ या धातूचें कर्तरि वर्तमानकाळीं रूप ‘पश्यति’ असें होतें. दृश् आणि पश्य यांत एका ‘श्’खेरीज कांहींच साम्य नाहीं. पाणिनीनें सातव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत एक सूत्र घालून दृश् च्या जागीं पश्य हा आदेश सांगितला आणि दोन परक्या धातूंचा एक संसार लावून दिला. (इंग्रजींतहि ‘गो’चा भूतकाळ ‘वेन्ट’ होतो, ते दोन शब्दहि मूळचे निराळेच.) कर्मणि प्रयोगांत मात्र मूळचा दृश् कायम राहतो: ‘दृश्यते’. पुढें प्राकृतांत ‘पश्यति’चें ‘पासइ’ झालें व त्यावरून आमचें ‘पाहणें’ आलें; ‘दृश्यते’चें ‘दीसइ’ झालें व त्यावरून ‘दिसणें’. पाणिनीनें एका घरांत आणलेले दोन धातु मराठींत पुन्हा विभक्त झाले, आणि वांटणी इतकी चोख झाली कीं कर्तरि अर्थ एकाकडे गेला व कर्मणि दुसऱ्याकडे. जातां जातां सांगावयाचें म्हणजे ‘पाहुणा’ हा शब्द ‘पाहणें’वरून आला अशी पुष्कळांची समजूत असते, ती खरी नाहीं, तो ‘प्राघुण’ या शब्दापासून निघाला आहे.

इंग्रजी ‘सी’चा इतिहास याच्या अगदीं उलट दिशेनें गेला आहे. जर्मन ‘झेहेन’ हा त्याचा सख्खा भाऊ. या दोघांचें मूळ ‘मागोमाग जाणें’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूंत आहे, असें बहुसंख्य भाषापंडित मानतात. त्याच धातूपासून लॅटिनद्वारां इंग्रजींत ‘सीक्वेन्स’ व ‘सेकंड’ हे शब्द आले आणि आमच्याकडे वेदांतील ‘सचते’ व राजदरबारांतील ‘सचिव’. सचिव म्हणजे सोबत जाणारा. तेव्हां ‘सी’चा आरंभींचा अर्थ डोळ्यांनीं एखाद्या वस्तूच्या मागोमाग जाणें असा असावा. तें पाहणेंच झालें! म्हणजे एकेकाळीं जो शब्द पाहण्याचा होता तो झिजत झिजत दिसण्याचा झाला, आणि रिकामी झालेली जागा ‘लुक’नें भरून काढली.

आमच्या ‘पश्य’चे नातलग इंग्रजींत आहेत, पण ते निराळ्या वेषांत. पश् चें जुनें रूप ‘स्पश्’. ऋग्वेदांत वरुणाचे हेर आहेत, त्यांस हेंच नांव आहे. माघकवीनें शिशुपालवधांत हेरांवांचून राजनीति शोभत नाहीं असें म्हणतांना या शब्दावर व पतंजलीच्या पस्पशाह्निकावर मिळून एक सुंदर श्लेष केला आहे. लॅटिनमधून हाच धातु ‘स्पेक्टॅकल्स’ होऊन आजोबांच्या नाकावर बसला आणि ‘इन्स्पेक्टर’ होऊन शाळेंत आला. शाळा तपासावयास येणाऱ्या साहेबाचें नांव वैदिक हेरांच्या कुळांतलें आहे हें कळल्यावर आमच्या पिढीच्या मास्तरांना फारसें नवल वाटणार नाहीं. ‘चष्मा’ हा शब्द आम्हीं फारसींतून घेतला, पण तेथील ‘चश्म’ हा आमच्या ‘चक्षुस्’चा नातेवाईकच, कांचा नाकावर ठेवून इंग्रजींत नांव घ्या कीं मराठींत, शब्द घरचाच निघतो. मुलें दिवसभर हातांतल्या यंत्रावर जो ‘व्हिडिओ’ पाहतात त्याचा लॅटिन अर्थ ‘मी पाहतों’ असा असून तो ‘विद्’ धातूचा, म्हणजे साक्षात् वेदाचा, भाऊबंद आहे.

जुन्या मराठींत पाहणें व दिसणें यांच्या जोडीला ‘देखणें’ हें तिसरें क्रियापद होतें. ज्ञानेश्वरींत (१२९०) आणि महानुभावांच्या गद्यांत तें पदोपदीं भेटतें. या पंथाच्या वाङ्मयाकडे विद्वानांचें लक्ष वेधणाऱ्यांत यवतमाळचे य. खु. देशपांडे हे प्रमुख होते. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ सालीं निघाला. ‘मीं देखिलें’ म्हणजे पाहिलेंहि आणि दिसलेंहि. इंग्रजी ‘सी’ला सर्वांत जवळचा शब्द तोच होता. आतां तो ‘देखणा’, ‘देखरेख’, ‘माझ्या देखत’ एवढ्यापुरता उरला आहे. पुण्याकडे पाहण्याचेंहि बरेंच राज्य ‘बघणें’नें घेतलें, आमचा वऱ्हाडी मनुष्य मात्र अद्याप ‘पाहून राहिला’ आहे.

परंतु पाहणें व दिसणें यांचा भेद घराघरांत ज्या प्रसंगीं उभा राहतो तो ‘मुलगी पाहण्याचा’. या समारंभांत वराकडील आठ-दहा मंडळी पाहतात आणि मुलगी दिसते. तिनें खालीं मान घालून बसावें, विचारलेलें सांगावें, पोह्यांच्या बशा आणून द्याव्या. कर्तरि प्रयोग सगळा एकीकडे, कर्मणि सगळा दुसरीकडे. आतां मुलीहि शिकतात, मिळवतात. त्यांस मुलगा ‘पाहण्याचा’ अधिकार आहे असें आपण तोंडानें म्हणतों. पण बैठक आटोपल्यावर वडील मुलीला ‘तुझें काय मत?’ हें वराकडचा होकार येण्यापूर्वीं विचारतात कीं नंतर, याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या घरापुरतें द्यावें.

याच प्रसंगाशीं ‘सी’ची आणखी एक गंमत जोडलेली आहे. परदेशीं असलेल्या नातवानें ‘आय ॲम सीइंग अ गर्ल’ असें कळविलें, तर ‘मुलगी पाहतो आहे’ असें समजून आजोबांनीं पत्रिका मागवूं नये. त्या इंग्रजीचा अर्थ त्या मुलीशीं त्याच्या भेटीगाठी चालू आहेत, स्नेह जमला आहे, असा होतो. येथें ‘सी’ म्हणजे भेटणें. भेटणें ही आपण होऊन केलेली क्रिया, म्हणून येथें ‘सीइंग’ व्याकरणशुद्ध आहे आणि मास्तरांची तांबडी शाई चालत नाहीं. पाहणें होऊन गेलेलें असतें. घरच्यांनीं कांहीं ठरविण्याची वेळहि बहुधा होऊन गेलेली असते.

भेटण्याच्याच अर्थानें इंग्रजींत रोगी डॉक्टरला ‘सी’ करतो. आमच्याकडे रोगी डॉक्टरला प्रकृति ‘दाखवतो’ आणि पाहण्याचें काम डॉक्टरकडे ठेवतो. फी पाहण्याचीच असते.