पिस्तुलाच्या परवान्याची फी

अंगावर झांकून पिस्तूल बाळगावयाचें तर परवाना हवा, हा न्यूयॉर्कचा दंडक १९११ सालच्या सलिव्हन कायद्याचा. परवाना म्हटला म्हणजे फी आलीच. पण ती किती असावी, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नापायीं तेथें कोर्टाच्या पायऱ्या झिजल्या आहेत. राज्याच्या कायद्यानें इतरत्र बहुतेक ठिकाणीं ही फी तीन ते दहा डॉलर अशी बांधून दिली होती. न्यूयॉर्क शहरास मात्र मोकळीक होती. शहरानें २००४ सालीं तीन वर्षांच्या परवान्यास ३४० डॉलर ठरविले. बोटांच्या ठशांचा खर्च निराळाच!

घरांत पिस्तूल ठेवणाऱ्या कांहीं परवानेदारांनीं फिर्याद केली. नागरिकाच्या हक्कावर फी घ्यावयाची ती व्यवस्थेच्या खर्चापुरतीच, असें सुप्रीम कोर्टानें १९४१ सालीं मिरवणुकीच्या एका खटल्यांत सांगितलें होतें. तोच गज लावून २०१३ सालीं अपील कोर्टानें फी कायम केली. कारण एका नव्या अर्जामागें ९७७ डॉलर खर्च होतो, असा शहराचा हिशेब होता. हिशेब चोख खरा. परंतु रात्रीं उशिरां दुकान बंद करून एकट्यानें घरीं जाणाऱ्या गरिबाजवळ भीति अधिक व पैसा कमी, याचा जमाखर्च त्यांत कोठें आहे? अर्थात्, ही चौकशी परवाना न मागणाऱ्या करदात्याच्या पैशानें कां व्हावी, हा प्रश्नही पोरकट नव्हे.

पुढें २०२२ सालीं सुप्रीम कोर्टानें ‘सबळ कारण’ दाखविण्याची जुनी अट रद्द केली. अवाच्या सवा फीमुळें सामान्य नागरिकाचा हक्कच बुडत असेल तर तिलाही आव्हान देतां येईल, असें त्या निकालाच्या तळटीपेंत आहे. अवाच्या सवा म्हणजे किती डॉलर, हें मात्र तेथें सांगितलेलें नाहीं.