म्यानाची बाजू

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सुऱ्यांवर आपल्याकडे जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यातलं निम्मं एकाच प्रश्नाभोवती घुटमळतं: छाप कुणाचा? कॅमिलसचा की युनियन कटलरीचा, पात्याच्या बुडाशी की परजेवर, मरीन कोअरचा ‘यूएसएमसी’ की नौदलाचा ‘यूएसएन’? छापाशी माझं भांडण नाही. पण पातं म्हणजे पोलाद. ते कारखान्यातून निघालं तसंच, जरा झिजून, आपल्या हाती येतं. सुरी कुणाच्या कमरेला होती, किती पाऊस खाल्ला, ओढताना हात कुठून यायचा, हे सगळं कातड्यावर उमटतं. आणि आमचे संग्राहक कातडं खोक्यात टाकतात नि पातं काचेत लावतात. म्हणून यंदाचा आढावा म्यानाच्या बाजूने. छापांची यादी हवी असेल त्यांनी एम. एच. कोल यांची पुस्तकं उघडावीत. कोल यांनी सुऱ्या हाताने रेखाटल्या आणि सोबत म्यानंही रेखाटली. यादीवाले ती पानं उलटून पुढे जातात, त्याला कोल तरी काय करणार?

युद्धाच्या सुरुवातीचा काळ भराभर उरकतो. १९१८ची पितळी मुठीची खंदकसुरी दिसायला भारी, कामाला अवजड. १९४२मध्ये मरीन रेडर तुकड्यांसाठी कॅमिलसने ब्रिटिश फेअरबेर्न-साइक्सच्या वळणाची दुधारी सुरी केली. तिची मूठ जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव. ती काळाबरोबर भेगाळते, तुकडे पडतात. आज अखंड मुठीच्या रेडर सुरीला लोक वाट्टेल तो पैसा मोजतात. मोजोत. खुपसण्यापलीकडे त्या सुरीचा उपयोग नव्हता आणि मला उपयोगाच्या सुऱ्यांचं वेड आहे. नौदलाची छोटी मार्क-१ही इथेच सोडून देतो. अर्धा डझन कारखान्यांनी केलेली ती प्रामाणिक वस्तू आहे, पण तिच्यावर बोलावं असं फार थोडं आहे.

खरी मौज आहे ती १९४२च्या टंचाईत. सैन्य लाखांनी वाढलं आणि सुऱ्या पुरेनात, तेव्हा लष्करी खात्याने शिकारीच्या तयार सुऱ्याच उचलायला सुरुवात केली. वेस्टर्न, पॅल, केस, कॅटॅरॉगस. या नावांचा नकाशा काढला तर बोट पुन्हा पुन्हा न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाशी आणि लागूनच्या पेनसिल्व्हेनियात जातं. ओलिअनमध्ये युनियन कटलरी, पेरीमध्ये रोबसन, लिटल व्हॅली या इवल्याशा गावात कॅटॅरॉगस आणि किनफोक्स, सीमेपलीकडे ब्रॅडफर्डला केस. कॅटॅरॉगस उभी करणाऱ्या चँप्लिनची बायको केस घराण्यातली, आणि केस बंधू त्याचे मेहुणे. म्हणजे अमेरिकी सुरीधंद्याचा मोठा हिस्सा ही एका खोऱ्यातली भाऊबंदकी होती. वाटण्या झाल्या, नवी दुकानं निघाली, आणि युद्ध आल्यावर सगळे चुलत-मावस भाऊ एकाच गिऱ्हाइकाला माल पुरवू लागले.

त्यातली कॅटॅरॉगस २२५-क्यू माझी लाडकी. सहा इंची जाड पातं, खाचा पाडलेली कातडी चकत्यांची मूठ, आणि मुठीच्या बुडाला पोलादाच्या तीन चकत्या एकावर एक ठोकलेल्या. ही खास खोकी फोडायलाच केली होती, असं छातीठोकपणे सांगणारे एक गृहस्थ दरवर्षी भेटतात. एवढ्या जड बुडाने खोकी फोडली गेली असणार यात शंका नाही. पण हातोडीचं काम केलं म्हणून वस्तू हातोडी होत नाही. तिचं म्यान साधं, जाड, तपकिरी, वर मुठीभोवती पट्टी आणि टिचबटण. त्या म्यानाला कधी कुणी कौतुकाचा शब्द लिहिलेला मी वाचला नाही. ते हातात धरा. टिचबटणाची पट्टी आत वळून गुळगुळीत झालेली असेल तर सुरी रोज काढली-घातली जात होती. पट्टी ताठ असेल तर सुरी कोठारातच निवृत्त झाली. पात्यावरचा छाप दोन्हीकडे तोच.

आता मार्क-२, जिला सगळे युनियन कटलरीच्या छापावरून सरसकट ‘का-बार’ म्हणतात. मरीन कोअरने ती २३ नोव्हेंबर १९४२ रोजी स्वीकारली, आणि पहिला माल जानेवारी १९४३मध्ये कॅमिलसने दिला, युनियन कटलरीने नव्हे. एवढं सांगितलं तरी काही मंडळींच्या भुवया वर जातात. सात इंची, टोकाशी पाठ कापलेलं पातं, मधे पन्हळ, अंगावर पार्करायझिंगचा राखाडी थर. कॅमिलस, युनियन, पॅल, रोबसन या चौघांनी ती केली. पुढे छाप पात्यावरून परजेवर सरकला. मूठ आधी नटाने आवळायची, नंतर बुडाची टोपी ठोकून बसवू लागले. सुरुवातीच्या काहींच्या मुठीत लाल चकत्या. या लाल चकत्यांवरून दोन मित्रांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. पुढे जाऊ.

लष्कराची एम-३ याच सुमाराची. पावणेसात इंची, अरुंद, १९४३–४४ या काळात २५ लाखांहून अधिक निघाल्या. पहिल्या पात्यांवर कारखान्याच्या नावाबरोबर साल असे, मग साल गेलं, मग नाव पात्यावरून परजेवर गेलं. हे सगळे पाठ म्हणून दाखवतात. तिच्या एम-६ म्यानाबद्दल विचारा, गप्प होतात.

एम-६ हे त्या युद्धातलं माझ्या मते सर्वांत बोलकं कातडी म्यान. तोंडाशी स्टेपल आणि रिवेट, टोकाशी मांडीला बांधायची वादी. सुरुवातीच्या म्यानांच्या टोकाला नुसतं कातडं. सुरीचं टोक बाहेर येऊ लागल्यावर पुढे-मागे पोलादी पत्रे बसवले गेले. पट्ट्याच्या फासाच्या मागे छाप असतो: मिल्सको १९४३, व्हायनर ब्रदर्स १९४३. मिल्सको म्हणजे मिलवॉकी सॅडलरी, घोड्यांची खोगिरं शिवणारी कंपनी. आयोवात बॉइट हार्नेस होती, तिने पिस्तुलांची म्यानं शिवली. टेक्सासच्या योकम गावातली टेक्सटॅनही त्याच वाटेने आली. ट्रॅक्टर आणि मोटारीने या लोकांचा धंदा आधीच बुडवत आणला होता. युद्धाने त्यांच्या शिलाई यंत्रांना, दाभणांना, जाड कातड्याच्या थप्प्यांना मोठं काम दिलं. म्यानाचा हा इतिहास पात्याच्या इतिहासाइतकाच मोठा आहे आणि त्यावर दहा पानंही कुणी लिहिली नाहीत.

मग प्लॅस्टिकचं एम-८ आलं. कातडं दमट जंगलात बुरसतं आणि कुजतं, तर कारखान्यात साच्यातून म्यानं भराभर निघतात. निर्णय बरोबर होता. नौदलाने मार्क-२ला राखाडी कडक म्यान दिलं, तेही कामाचं. पण त्या म्यानावर कुणी काही लिहून ठेवलेलं फारसं सापडत नाही. कातड्याच्या मागे मात्र शाईने नाव, क्रमांक, कधी बेटाचं नाव, कधी टाचणीने कोरलेल्या रेघा.

एक उदाहरण देतो. अमेरिकेत असलेल्या भाच्याने मार्क-२चं एक म्यान पाठवलं होतं. तोंडाशी जाड दोऱ्याचे चार टाके बाकी शिवणीपेक्षा वेगळे दिसत होते. आमच्यातल्या एका नामांकित जाणकारांनी ते दुरून पाहून ‘दुरुस्त केलेलं, किंमत निम्मी’ असा निकाल दिला. मी ते कोल्हापुरात पिढीजात चपला करणाऱ्या एका वृद्ध कारागिरापुढे ठेवलं. त्याने कड उलटी करून नखाने खरवडली, वास घेतला. म्हणाला, “साहेब, ह्ये सालीतलं हाय, क्रोमचं न्हवं. शिलाई मशिनीची. पर ह्ये चार टाके हातचं, आन् जुनंच. बघा की, टाका कातड्यात रुतून बसलाय, भोकाची कड काळी पडलीया.” नव्या टाक्याची भोकं आतून फिकी दिसतात. ही काळी होती. म्हणजे दुरुस्ती झाली ती म्यान वापरात असतानाच. ज्याने ते शिवलं त्याला सुरी उद्याही लागणार होती. त्या चार टाक्यांनी किंमत निम्मी होते म्हणणाऱ्याला संग्राहक म्हणू नये, भंगारवाला म्हणावं.

हा कारागीर अमेरिकी म्यान वाचू शकला याचं मला नवल वाटलं नाही. कोल्हापुरी चप्पल बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची. आपल्या सह्याद्रीतला हिरडा परदेशातल्या चामडे कारखान्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या जहाजाने जात होता. साल कुठलीही असो, तिने कमावलेलं कातडं जुनं होताना एकाच वाटेने जातं: आधी गडद, मग कोरडं, आणि निगा राखली नाही तर तांबडी पूड होऊन झडायला लागतं.

निगेवरून आमच्यात दोन तट आहेत. एक तेलवाल्यांचा. म्यान मिळालं की ते नीट्सफुट तेलात निथळेपर्यंत बुडवायचं. दोन दिवस छान दिसतं. मग कातडं सैल पडतं, काळवंडतं, टाके ढिले होतात, आणि रिवेटभोवती हिरवा मेणचट थर वाढतो. तो थर म्हणजे तेलातल्या चरबीची तांब्याशी झालेली गाठ. दुसऱ्या तटाचं, म्हणजे माझं, म्हणणं असं: तो लाकडी काडीने काढावा, पातळ मेण बोटाने चोळावं आणि हात आखडावा. सुरी म्यानात ठेवू नये. कातडं ओल धरतं आणि पोलादाला गंज चढतो. सुरी आणि म्यान शेजारी ठेवा, दोघांना एकच क्रमांक द्या. हे सांगून माझा घसा बसला. तरी एका प्रदर्शनात सगळी म्यानं पॉलिश लावून चकाकवलेली पाहिली. आयोजकांना वाटलं, मी खूश होईन.

ब्रिटिश बाजूबद्दल थोडक्यात. फेअरबेर्न-साइक्सच्या म्यानाला दोन्ही कडांना कातड्याचे कान असतात, कपड्याला शिवून टाकण्यासाठी, आणि टोकाला पितळी टोपी. ते कान बहुतेकांनी कापून टाकलेले दिसतात. कान शाबूत असतील तर पात्याकडे न बघता घ्या. सैनिकी घडीच्या सुरीला म्यानच नाही, दोरीला लटकायची. तेव्हा ती माझ्या लेखात बसत नाही. खुकरीचं म्यान आतून लाकडी, दोन फाळींचं, वर कातडं ओढून शिवलेलं, मागच्या खिशात एक छोटी सुरी आणि एक बोथट चकमक. लाकूड आकसलं की कातडं फाटतं, म्हणून नवं चढवलेलंच जास्त मिळतं. आपल्या कायद्यात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागू शकतो आणि त्या यादीत खुकरीचं नाव स्पष्ट आहे. हौस करणाऱ्याने आधी मोजपट्टी घ्यावी.

आता सध्याच्या दिवसांबद्दल. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी फिरताना जे हाताला लागायचं ते संपलं, त्याचं दुःख नाही, वस्तू संपतातच. कॅमिलस २००७मध्ये बुडाली, त्याचंही सोसता येईल. सोसवत नाही ती दलालांनी लग्न लावलेली जोडपी. कॅमिलसची सुरी, तिच्या अंगाला परवा शिवलेलं, चहाच्या पाण्यात रंगवलेलं म्यान, आणि फोनवर फोटो: पातं जवळून, छाप त्याहून जवळून, म्यान अर्धं चौकटीबाहेर. गिऱ्हाइकही म्यानाची मागची बाजू मागत नाही. पुढून मोठा ‘यूएसएमसी’ आणि गरुड-पृथ्वी-नांगराचं चिन्ह ठसठशीत उठवलेलं म्यान ‘युद्धकालीन’ म्हणून विकलं जातं. अरे बाबांनो, युद्धातली बहुतेक म्यानं कोरी होती.

नवख्यांना एवढंच सांगतो. विकणाऱ्याकडे म्यानाचे तीन फोटो मागा: पाठ, कड आणि तोंडातून आत. टाक्यांची भोकं काळी आहेत का बघा. सुरी म्यानात बसवून बघायला मिळाली तर परजेचा ठसा तोंडाशी जुळतो का बघा; वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्यांचा जुळतो. आणि तुम्ही विकाल तेव्हा दोघांना एकाच घरी द्या. एखादा म्यानासाठी वेगळा भाव करू लागला, तर त्याला सुरी देऊ नका.