पाहुणा आणि गाव (लेखांक सातवा) : बस्तरच्या वाटेवरील पैसा

मागील लेखांकात गोव्याच्या किनाऱ्याचा विचार झाला. पाणी, वीज, जमीन आणि समुद्रकाठ यांवरील आपला हक्क पंचतारांकित हॉटेलांच्या हाती चालला आहे, या जाणिवेतून 1987 साली ‘जागृत गोंयकारांची फौज’ भाड्याच्या विमानांनी येणाऱ्या परदेशी प्रवाशांसमोर उभी राहिली, तो इतिहास आपण पाहिला. आता किनारा सोडून अरण्यात जावयाचे आहे. आणि हे अरण्य आम्हां रायपूरकरांच्या अगदी शेजारचे असल्यामुळे त्याविषयी लिहिताना आमच्या शहराचाही हिशेब मांडणे भाग आहे.

रायपूरहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 30 धमतरी, कांकेर, केशकालचा घाट आणि कोंडागाव अशी मजल करीत सुमारे 300 किलोमीटरांवरील जगदलपुरास पोहोचतो. रेल्वेचा रूळ बस्तरात 1960 च्या दशकातच गेला, परंतु तो बैलाडिल्याचे लोहखनिज विशाखापट्टणमच्या बंदरात नेण्यासाठी घातलेला असल्याने त्याने बस्तर समुद्राशी जोडले, रायपुराशी जोडले नाही. त्यामुळे इंद्रावतीचा चित्रकोट धबधबा, तीरथगढ किंवा कोटुमसरची गुहा पाहावयास निघालेला परप्रांतीय प्रवासी बहुधा मान्याच्या विमानतळावर उतरतो, रायपुरात एक मुक्काम करतो आणि येथूनच मोटार ठरवून दक्षिणेकडे निघतो. मोटारीचे भाडे रायपूरच्या मालकाकडे जाते, इंधनाचा पैसा पंपावर, रात्रीच्या खोलीचा पैसा शहरातील हॉटेलात. वाटेत फोडलेली पाण्याची बाटली आणि फरसाणाचे पाकीटदेखील दूरच्या कारखान्यातून आलेले असते. ज्या गावाच्या नदीसाठी आणि ज्या गावाने राखलेल्या सालवनासाठी हा सारा प्रवास घडला, त्या गावाच्या हाती अखेरीस उरते ती चहाची किंमत, वाहनतळाची पावती आणि एखाददुसऱ्या वाटाड्याची रोजंदारी. अर्थशास्त्रज्ञ या प्रकाराला पर्यटनातील गळती म्हणतात आणि कॅरिबियन बेटांपासून केनियाच्या अभयारण्यांपर्यंत तिचा अभ्यास झालेला आहे. बस्तरच्या बाबतीत मात्र ही गळती जेथे साठते ते ठिकाण परदेशात नाही, ते आमचे रायपूर आहे.

छत्तीसगडच्या मराठी वाचकाला हा व्यवहार अपरिचित वाटू नये. 1787 साली छत्तीसगडचा कारभार पाहणारे बिंबाजी भोसले निवर्तल्यानंतर त्यांच्या जागी आलेल्या व्यंकोजी भोसल्यांनी स्वतः नागपुरास राहून या मुलखाचा कारभार सुभेदारांमार्फत चालविण्याची पद्धत पाडली आणि ती 1818 पर्यंत टिकली. सुभ्याचे पद पुष्कळ अंशी मक्त्यासारखे दिले जाई, परगण्यापरगण्यातून वसूल रतनपूरच्या कचेरीत गोळा होई आणि तेथून नागपूरच्या खजिन्याची वाट धरी. आमच्या पूर्वजांपैकी अनेकांची घराणी त्याच अंमलात या प्रांती स्थिरावली. तेव्हा येथे उत्पन्न व्हावे आणि तेथे खर्च व्हावे, या व्यवस्थेने गावाचे काय होते, हे समजावून घेण्याची जबाबदारी आमच्यावर इतरांपेक्षा कांकणभर अधिक आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

वाटेतल्या कोंडागावी थोडे थांबू. घढवा कारागिरांची ढोकरा धातुकला येथे पिढ्यानपिढ्या नांदते आणि जयदेव बघेल यांच्यासारख्या श्रेष्ठ कलावंताने ती देशोदेशी नेली. मातीचा गाभा घडवून तो वाळवावयाचा. त्यावर मधमाश्यांच्या मेणाचे दोऱ्यासारखे बारीक सूत ओळीने गुंडाळीत देवीचा दागिना, घोड्याची आयाळ, मारिया नर्तकाच्या शिरोभूषणावरील शिंगे उमटवावयाची. वर वारुळाच्या मऊ मातीचा लेप, त्यावर जाड मातीचा. मग भट्टीच्या तापात मेण वितळून जी पोकळी राहते तीत पितळेचा रस ओतावयाचा. साचा फोडल्याखेरीज मूर्ती हाती येत नाही, आणि म्हणून एका साच्यातून दुसरी मूर्ती कधीच निघत नाही. या कामाला दिवस लागतात. सहलीची मोटार मात्र अर्ध्या तासापेक्षा अधिक काळ उभी राहत नाही, आणि प्रवाशाला हवी असते ती पिशवीत मावेल अशी, हलकी, स्वस्त आणि शेजारणीच्या घरी पाहिलेल्या वस्तूसारखी हुबेहूब वस्तू. मागणीचा हा दाब कारागिराच्या बोटांपर्यंत पोहोचतो: देवतांच्या मूर्ती कमी होतात, किल्ल्यांना अडकवावयाची कासवे वाढतात, सुताच्या ओळी विरळ होतात. एवढे असूनही मी प्रवाशाच्या येण्याला कोंडागावचे अनिष्ट म्हणणार नाही, कारण ग्रामदेवतेसाठी मूर्ती घडवून घेणारा जुना यजमान आता या कलेला एकटा पोसू शकत नाही. घासाघीस न करणारा, भट्टी पेटेपर्यंत थांबणारा आणि दलालाला वगळून थेट कारागिराला पैसे देणारा गिऱ्हाईक तेथे हवाच आहे.

पर्यटनाचा दुसरा परिणाम पैशाच्या हिशेबात दिसत नाही. व्हेरियर एल्विन यांचा मुरिया गोंडांच्या घोटुलावरील ग्रंथ 1947 साली प्रसिद्ध झाला. तो अभ्यासकाच्या आदराने लिहिलेला होता, परंतु त्यानंतर त्या संस्थेविषयी जी उथळ आणि चाळवलेली जिज्ञासा देशभर पसरली, तिने तरुणांना कामाचे, गाण्याचे आणि गावकीच्या शिस्तीचे वळण लावणाऱ्या एका व्यवस्थेला तमाशाच्या वस्तूचे रूप दिले. आजही आठवडी बाजारात मोहाची फुले किंवा चापड्याची, म्हणजे लाल मुंग्यांची, चटणी घेऊन बसलेल्या बाईच्या तोंडासमोर न विचारता कॅमेरा धरला जातो. तिने पदर ओढून मान वळविली तर ते छायाचित्र अधिकच ‘स्वाभाविक’ ठरते! दारिद्र्य हे पाहण्याचे दृश्य झाले की दरिद्री माणसाची संमती विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही, आणि या अवहेलनेची भरपाई कोणत्याही रोजंदारीने होत नाही.

याच बस्तरात धुडमारास आहे. 1982 साली स्थापन झालेल्या, 200 चौरस किलोमीटरांच्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील हे धुरवा आदिवासींचे गाव. 2024 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन-ग्रामांच्या उन्नती कार्यक्रमासाठी जगभरातून जी 20 गावे निवडली, त्यांत त्याचा समावेश झाला. येथे कांगेर नदीच्या संथ पाण्यावर गावची तरुण मुले बांबूचा तराफा चालवितात. बांबू त्यांच्या परिचयाचा, नदीतला खडक परिचयाचा, कोणत्या महिन्यात धार कोठे वळते तेही परिचयाचे. पाहुणा गावातल्याच घरात उतरतो आणि तेथले जेवण जेवतो. या व्यवस्थेचा एक गुण सहसा कोणी सांगत नाही. प्रवाशांचा मुख्य हंगाम धानाची कापणी उरकत आल्यानंतर सुरू होतो आणि मोहाची फुले गळू लागण्याच्या सुमारास ओसरतो. म्हणजे एरवी ज्या महिन्यांत तरुणांना मजुरीसाठी गाव सोडावे लागते, त्याच महिन्यांत घरबसल्या चार पैसे मिळतात आणि शेत व जंगल यांच्या कामात खंड पडत नाही. पर्यटन हे गावाचे जोडउत्पन्न असावे, एकमेव उत्पन्न होऊ नये, हे तत्त्व येथे ऋतुचक्रानेच घालून दिले आहे. टाळेबंदीच्या काळात ज्यांची सारी मिळकत प्रवाशांवर अवलंबून होती, त्यांचे हाल आपण पाहिलेच आहेत.

धुडमारास आणि इतर ठिकाणे यांच्यातील भेद कोठे आहे? माझ्या मते तो नाक्यावर आहे. पावती कोण फाडतो, दर कोण ठरवितो, आणि आज इतके पुरे असे म्हणून नाका बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे, यावर सर्व काही अवलंबून असते. रायपूरपासून जवळचे बारनवापारा अभयारण्य 1976 साली घोषित झाले. पुढे त्यातील रामपूर, लाटादादर, नवापारा ही गावे हद्दीबाहेर वसविण्यात आली. वन्यजीवांसाठी मोकळे रान आवश्यक आहे, हे मी नाकारीत नाही. पण ज्या रानातून माणसाला उठविले त्याच रानात जिप्सी गाडीतून फिरावयास आपल्याला पावती मिळते, तेव्हा त्या पावतीच्या पैशावर उठविलेल्या माणसाचा पहिला हक्क कायद्याने लिहिलेला असावा, इतकी अपेक्षा गैरवाजवी नाही.

कायद्याची सामग्री येथे मुळीच अपुरी नाही. पाचव्या अनुसूचीच्या मुलखासाठी 1996 सालचा पेसा कायदा ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी आणि गावच्या बाजाराचा कारभार देतो. 2006 सालचा वनाधिकार कायदा सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य करतो. आणि भू-राजस्व संहितेच्या कलम 165 मुळे बस्तरासारख्या अनुसूचित क्षेत्रात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे होऊ शकत नाही. या शेवटच्या तरतुदीचे मोल कोकणी वाचकाला लगेच कळेल. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि तेथे अशी आडकाठी नसल्याने किनाऱ्यालगतचे कित्येक तुकडे एका खरेदीखतासरशी परक्या हाती गेले; विकणाऱ्याच्या मुलाला मग आपल्याच आजोबांच्या बागेत पहारेकऱ्याची नोकरी धरावी लागली. बस्तरात खरेदीखत होत नाही, परंतु दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे आणि दुसऱ्याच्या नावावर केलेले व्यवहार यांची वाट कोणत्याही कलमाने पुरती बुजविता येत नाही, आणि नक्षली हिंसेची छाया जसजशी विरळ होत आहे तसतशी त्या वाटेवरील वर्दळ वाढणार, हे उघड आहे.

राज्य शासनाने 2025 साली होमस्टे धोरण मंजूर केले आणि त्यात बस्तर व सरगुजा या भागांवर भर दिला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तिची अंमलबजावणी मात्र दोन अटींनी बांधली पाहिजे. अनुदान आणि नोंदणी त्याच गावात राहणाऱ्या कुटुंबालाच मिळावी, आणि गावात एका दिवशी किती पाहुणे येऊ द्यावयाचे तो आकडा ग्रामसभेच्या ठरावाने ठरावा. शिवाय केरळातील कुमारकोम येथे 2008 च्या सुमारास ‘कुटुंबश्री’ बचतगटांच्या बायकांनी पिकविलेली भाजी हॉटेलांनी नियमाने घ्यावी अशी जी व्यवस्था बसविली गेली, तशी जगदलपूरच्या हॉटेलांसाठी बसविण्यास काहीच हरकत नसावी: कोदो, कुटकी, चिंच, मध, देशी तांदूळ हे सारे त्यांच्या स्वयंपाकघरापासून हाकेच्या अंतरावर पिकते. आम्हां रायपूरकरांनी करावयाचे ते याहून सोपे आहे. मुक्कामाची रात्र शहरातील हॉटेलात न काढता गावातील घरात काढावी, वाटाड्या गावचाच घ्यावा, आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे.

पुढील लेखांकात राजिमच्या संगमावरील मेळा आणि नदीच्या पात्रावर जगणारी कुटुंबे यांचा विचार करू.