ताप थर्मामीटरला आलाय की माणसाला? विज्ञान जोडण्याची १९३५ची दोन उत्तरं

थर्मामीटर १०२ दाखवतोय. डॉक्टरांच्या कागदावर हा आकडा जातो. अंगातली कणकण, तोंडाची गेलेली चव मात्र त्यात येत नाही. पण अंग तापल्याचं जाणवलं म्हणूनच तर थर्मामीटर लावला ना?

भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, मानसशास्त्र या सगळ्यांना जोडणारं काय आहे, या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

व्हिएन्ना सर्कल या गटातल्या ओटो नॉयराथ यांचं उत्तर होतं : भाषा. सगळ्या शास्त्रांनी पाहता आणि तपासता येणाऱ्या गोष्टींच्या एकाच भाषेत बोलावं. सप्टेंबर १९३५मध्ये पॅरिसला यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे ज्ञानकोशाचं कामही सुरू झालं.

त्याच वर्षी मे महिन्यात ७६ वर्षांच्या एडमंड हुसर्ल यांनी व्हिएन्नात वेगळीच बाजू मांडली. फिनॉमेनॉलॉजी, म्हणजे अनुभव जसा येतो तसा तपासणारं तत्त्वज्ञान, ही त्यांची देणगी. आणि ते विज्ञानाचे विरोधक वगैरे नव्हते. त्यांची डॉक्टरेट गणितातली होती.

हुसर्ल म्हणत, भूमिती आधी जमीन मोजण्यातून आली. मग आखीव, निर्दोष रेषा आल्या. गॅलिलिओनंतर सगळं जगच गणितात मांडलं गेलं. पद्धत जबरदस्त होती, पण हळूहळू तिलाच आपण खरं जग मानू लागलो आणि रंग, ऊब, वेदना दुय्यम ठरल्या. प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञालाही यंत्राचा काटा डोळ्यांनीच वाचावा लागतो. सगळी विज्ञानं ज्यातून उगवतात ते हे रोजचं जग म्हणजे 'जीवनविश्व'. जोडणारा धागा तिथे आहे.

ज्यू कुटुंबात जन्मल्यामुळे नाझी राजवटीत हुसर्ल यांच्यावर बंधनं आली. हे लेखन १९३६मध्ये छापलं गेलं ते बेलग्रेडमध्ये. १९३८मध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर फान ब्रेडा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्यांची सुमारे ४० हजार पानं बेल्जियमला हलवली, म्हणून ती वाचली. (नॉयराथ यांनाही १९३४मध्येच व्हिएन्ना सोडावं लागलं होतं.)

हुसर्ल यांची कमजोर बाजूही आहे. रसायनशास्त्र आणि समाजशास्त्र प्रत्यक्षात कसं जोडायचं, हे त्यांच्याकडून फारसं कळत नाही. तिथे नॉयराथ जास्त कामाचे.

पण दवाखान्यात आजही, सगळे रिपोर्ट हातात असताना, डॉक्टर पेशंटलाच विचारतात : शून्य ते दहामध्ये सांगा, किती दुखतंय?